व्हय म्हाराजा: मालवणी गाऱ्हाण्याचा मागोवा

मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या मुलखात गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच कार्य उभं राहत नाही. घराचा पाया खणायचा असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, पेरणी असो, लग्न असो, जत्रा असो, नाहीतर पोरगा पहिल्यांदाच नोकरीसाठी मुंबईला निघालेला असो. देवापुढे नारळ आणि विडा ठेवतात. गावकर, गुरव किंवा घाडी पुढे होतो, ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालतो आणि देवाला सगळं सांगून टाकतो. दारात कोण उभं आहे, कशासाठी आलं आहे, काय दुखतंय, कोण वाकड्यात शिरलंय, आपलं काही चुकलं असेल तर ते कसं पदरात घ्यावं, आणि आता वाट कशी दाखवावी. प्रत्येक मागणीपाशी तो थांबतो आणि मागे उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’.

देव काही बोलत नाही. नारळ फुटतो, प्रसाद वाटला जातो, माणसं घरी जातात. ज्यासाठी गाऱ्हाणं घातलं ते कधी होतं, कधी होत नाही. नीट गाऱ्हाणं घालून दर्यात गेलेली होडी बुडालेली या किनाऱ्याने पाहिली आहे. देवाला रोज फूल वाहणाऱ्या बाईचं एकुलतं एक लेकरू गेलेलंही पाहिलं आहे. दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याचं घर भरलेलं आणि ज्याची जमीन गेली त्याच्या घराला कुलूप, हेही पाहिलं आहे. तरी पुढच्या जत्रेला तीच माणसं त्याच देवळात उभी राहतात आणि पुन्हा ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

याला भोळेपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण जी रीत इतक्या राजवटी आणि इतकी संकटं पचवून टिकली, तिच्यात भोळेपणापलीकडचं काही असलं पाहिजे. देव गप्प असताना श्रद्धेने कसं जगायचं, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक धर्माला छळतो. मालवणी मुलखाने त्यावर ग्रंथ लिहिला नाही, गाऱ्हाणं घडवलं. ते कसं घडत आलं, याचा हा मागोवा.

नावांचे थर

गाऱ्हाण्याचा पहिला मोठा भाग नावं घेण्यातच जातो. रवळनाथ, सातेरी, भूमिका, पावणाई, वेतोबा, भूतनाथ, लिंग, जैन, ब्राह्मण, गावाचा मूळपुरुष, वाडीचा राखणदार, शिवेवरचा देवचार. गावागणिक यादी बदलते, पण कोणाला वगळायचं नाही हा नेम बदलत नाही.

ही यादी म्हणजे या भूमीचा न लिहिलेला इतिहास आहे. सातेरी अनेक ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते. मूर्ती घडवण्याच्याही आधीची ती भूमाता आहे, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त उलगडून दाखवलं आहे. रवळनाथाबरोबर नाथ आणि शैव परंपरांचे धागे येतात. यादीतला ‘जैन’ ऐकून परका माणूस चकित होतो. पण शिलाहार आणि कदंबांच्या काळात या पट्ट्यात जैन धर्म नांदत होता. ते राजे गेले, वस्त्या उठल्या, आणि गावच्या देवमंडळात नाव तेवढं राहिलं. विजयनगर आलं, आदिलशाही आली, पोर्तुगीज आले, सावंतवाडीचे भोसले आले, इंग्रज आले. गाऱ्हाणं घालणाऱ्याने जुनं नाव गाळलं नाही.

गाऱ्हाण्याचा घाट दरबाराचा आहे. समोर राजा, त्याच्यापुढे प्रजेचा बोलका माणूस, आणि त्याच्या पाठीशी सगळी प्रजा. मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेत सुटत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात त्या पद्धतीचे भरपूर दाखले आहेत. सभा बऱ्याचदा देवळात भरायची, शपथ देवापुढे घेतली जायची, आणि काहीच पुरावा नसेल तर दिव्य करायची पाळी यायची. तिथे देव साक्षीला असायचा आणि निवाडा गोताला करावा लागायचा. हीच वाटणी गाऱ्हाण्यातही दिसते. देवाला सांगायचं, पण सगळ्यांनी ऐकावं असं सांगायचं. मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेला साक्षीदार नसतो. गाऱ्हाण्याला पूर्ण गाव साक्षीदार असतो. एखाद्यावर अन्याय झाला आहे हे देवाने ऐकलं की नाही कोण जाणे, शेजाऱ्यांनी ते ऐकलेलं असतं, आणि ‘व्हय’ म्हणून त्याला दुजोराही दिलेला असतो.

कौल: मौन फोडण्याचा मार्ग

देवाने बोलावं ही आस मात्र सुटत नाही. त्या आसेतून कौल आला. देवाच्या पाषाणावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या, कळे किंवा पानं चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. गोव्यातल्या देवळांतही हीच चाल आहे. दसऱ्याला, शिमग्याला देवांची प्रतीकं असलेले तरंग निघतात, अवसर येतो, आणि अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून देव बोलतो अशी श्रद्धा असते.

या रीतींची मोठी लेखी नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी माहिती जमवली होती. १९०९ साली त्यांचा खून झाला. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ती सामग्री हाती घेतली आणि १९१५ मध्ये कोकणचा खंड प्रसिद्ध केला. त्यातली माहिती प्रामुख्याने गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली होती. साहेबाच्या नावावर असलेल्या त्या पुस्तकाचे खरे लेखक म्हणजे कोकणातले प्राथमिक शिक्षक.

कौलावर आजही मोठमोठ्या गोष्टी ठरतात. मसुरे गावातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं येतात. तिची तारीख पंचांग ठरवत नाही. आधी पारध होते, मग कौल घेतला जातो, आणि मगच दिवस जाहीर होतो. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सर्व जातीधर्मांची माणसं गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन शिवेबाहेर पडतात आणि तीन दिवस तीन रात्री रानात, नदीकाठी झोपड्या घालून राहतात. परत गावात शिरायलाही कौल लागतो. तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो.

कौलातला सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो तो पाकळी न पडण्याचा. तासन्‌तास पाकळी जागची हलत नाही. गुरव पुन्हा सांगतो, पुन्हा विचारतो. माणसं खांबाला टेकून बसलेली असतात. असं झालं की गावाची पहिली समजूत ‘देव नाहीच’ अशी नसते. आपल्यात काहीतरी राहिलं आहे, असं गाव म्हणतं. कोणाचा मान चुकला का, भावाभावांत अबोला आहे का, कोणाचं देणं कोणी बुडवलं आहे का? मग चर्चा होते, जुन्या गोष्टी निघतात, ज्या दोन घरांनी एकमेकांकडे बघायलाही नकार दिलेला असतो त्यांना समोरासमोर यावं लागतं. देवाच्या मौनाने गावाला स्वतःची झडती घ्यायला लावलेली असते.

नारळ ठेवणं

गाऱ्हाण्याचं एक कडक रूपही आहे. चोरी झाली, बांध सरकवला, विधवेचा वाटा लाटला, खोटी साक्ष दिली, आणि कुठेच दाद लागेना, की गांजलेला माणूस देवापुढे नारळ ठेवून येतो. माझं काम झालं, आता तू बघ. नारळ ठेवल्याची बातमी गावात फिरते आणि अन्याय करणाऱ्याची झोप उडते. कितीतरी वेळा चोरीची वस्तू रात्रीतून परत अंगणात येऊन पडते.

दुबळ्याचं हे शेवटचं न्यायालय कोकणाबाहेरही आहे. कुमाऊंमध्ये अल्मोड्याजवळच्या चितईच्या गोलू देवतेपुढे माणसं कागदावर, कधी चक्क स्टँपपेपरवर अर्ज लिहून टांगतात, आणि काम झालं की घंटा वाहतात. इंग्लंडमधल्या बाथ इथल्या रोमनकाळच्या गरम झऱ्यात शिशाचे सुमारे १३० पत्रे सापडले. त्यांतल्या बहुतेकांवर सुलिस मिनर्व्हा देवीपाशी केलेली तक्रार आहे. कोणाचा अंगरखा चोरीला गेला, कोणाचे पैसे गेले, देवीने चोराला गाठावं. राजाचा न्याय महाग होता, देवाचा परवडणारा होता.

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा या न्यायदानासाठीच प्रसिद्ध आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावातून राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा. याच आरवलीत लेखक जयवंत दळवी वाढले, आणि या मुलखातल्या माणसांची श्रद्धा, भोग आणि वेडेपण त्यांच्या लेखनात उतरलं. दिवसा न बोलणारा देव रात्री पायपीट करतो, ही कल्पना मला फार मोठी वाटते. ज्यांची राखण करायला कोणीच नव्हतं अशा माणसांनी ती केली आहे. देव गप्प आहे, पण तो बसून नाही, असं मानून त्यांनी रात्री काढल्या.

डोक्यावरचा देव

तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, सोळाव्या शतकात या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा झाली. पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं पाडली. १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात आली आणि ती १८१२ पर्यंत राहिली. ज्या देवाने गाव राखायचं त्याचंच घर राहिलं नाही. १५६० च्या दशकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली. माणसांनी देव रातोरात नदीपार नेले. देवाने आपल्याला वाचवावं असं म्हणणाऱ्या भक्तांवर देवाला वाचवायची पाळी आली.

इथे श्रद्धा मोडायला हवी होती. आपलंच देऊळ ज्याला राखता आलं नाही तो माझं घर काय राखणार, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला उत्तर देणं अवघड होतं. पण त्या माणसांनी देवाकडून ताकदीचा हिशेब मागितला नाही. त्यांनी देवाला आपल्या दुःखातला सोबती मानलं. तोही उपरा, आपणही उपरे. नव्या जागी चार खांबांचं देऊळ उभं राहिलं आणि त्यात जुनंच गाऱ्हाणं सुरू झालं. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला तर शंभरेक वर्षं वाट बघावी लागली. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली.

जे बाटले तेही याच मातीतले होते. गोव्यातून निघालेली अनेक ख्रिस्ती कुटुंबं पुढे सावंतवाडी आणि मालवणकडे येऊन स्थायिक झाली. त्यांच्या नव्या धर्मग्रंथात ईयोबाची गोष्ट होती. सज्जन माणूस, पण मुलं गेली, धन गेलं, अंगभर फोड आले. मित्र समजूत घालायला येतात आणि म्हणतात, तू काहीतरी पाप केलं असणार. ईयोब मान्य करत नाही. तो देवालाच जाब विचारतो. गोष्टीच्या शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब. २००५ साली सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच्या चर्चमध्ये ही गोष्ट वाचली जाते, आणि बाहेर काही अंतरावर रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं चालू असतं. देवाला जाब विचारणं ही भक्तीच आहे, यावर दोघांचं एकमत आहे.

पंढरीकडून आलेला धागा

घाटावरच्या संतांनी गाऱ्हाण्याला आणखी धार दिली. गावच्या गाऱ्हाण्यात ‘आम्ही’ बोलतात. संतांच्या गाऱ्हाण्यात ‘मी’ बोलतो. जनाबाई विठ्ठलाला घरच्या माणसासारखी फैलावर घेते. नामदेव रुसतो. चोखामेळ्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. तू सर्वांचा असशील तर मी दाराबाहेर का? त्याचा मुलगा कर्ममेळा त्याहून कडवट बोलतो. वडिलांनी निदान देवाची बाजू समजून घ्यायचा प्रयत्न केला होता, मुलगा तेवढीही सवलत देत नाही. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा वेठीच्या मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीशी आहे. मेल्यावरही आत नाही.

तुकोबांनी १६३० च्या सुमाराचा दुष्काळ भोगला. त्यात पहिली बायको गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा ते तेरा दिवस नदीकाठी धरणं धरून बसले, असं परंपरा सांगते. देवाच्या दारात उपोषण करणारा हा भक्त कौल न पडलेल्या देवळात खांबाला टेकून बसलेल्या माणसाच्या गोताचाच आहे.

कोणाला बोलायची मुभा

आता या मागोव्यातला दुखरा भाग. गाऱ्हाणं सर्वांसाठी असलं तरी ते घालायचा मान ठरलेल्या घराण्यांचा होता. गावरहाटीत प्रत्येक जातीला काम होतं, काहींना मानही होता, पण उभं राहायची जागा जातीने ठरवलेली होती. ज्यांच्याशिवाय गावचं एकही कार्य पार पडत नसे, त्यांना गाभारा सोडाच, सभामंडपही बंद होता. त्यांच्या वतीने दुसरा कोणी बोलायचा, आणि तो त्यांचं दुःख सांगेलच अशी खात्री नव्हती.

आणि पाकळी पडली नाही की ‘कोणाचं तरी चुकलंय’ हा जो शोध सुरू होतो, तो किती वेळा दुबळ्याच्याच दारात जाऊन थांबला आहे! कधी विधवेवर करणीचा आळ आला, कधी देवस्कीच्या नावाखाली एखादं घर वाळीत पडलं. जो भोगतो आहे त्यालाच पापी ठरवायचं, ही ईयोबाच्या मित्रांची चूक गावांनी पुनःपुन्हा केली. देवाचं मौन पवित्र आहे. त्या मौनाचा अर्थ सांगायचा मक्ता माणसाने घेतला की अन्यायाला देवाची सही मिळते. महाराष्ट्राला २०१३ मध्ये अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध, आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो यामुळेच. श्रद्धावंताने या कायद्यांचं मनापासून स्वागत करायला हवं, कारण ते देवाच्या नावाची विटंबना थांबवतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातलं. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती ही जमीनदारी पद्धत नष्ट करणारं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे मांडलेलं गाऱ्हाणं आता सरकारपुढे गेलं, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा मार्ग धरला, जिथे माणसाचं दुःख देवाच्या मर्जीवर टाकलेलंच नाही. देवाच्या मौनाला दिलेलं हेही एक उत्तर आहे, आणि त्याचा मान श्रद्धावंतांनी राखला पाहिजे. ज्याला गाऱ्हाणं घालायचीच मनाई होती, त्याच्याकडून ‘व्हय म्हाराजा’ची अपेक्षा करायचा अधिकार कोणाला नाही.

दुसरं उत्तर कणकवलीत उभं राहिलं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे गांधी अप्पासाहेब, १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम करू द्या, अशी त्यांची मागणी होती, आणि ती नाकारल्यावर त्यांनी अन्न कमी केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मेलेल्या गुरांची कातडी सोलली, चर्मालय चालवलं, मैला वाहायची पाळी कोणावरच येऊ नये म्हणून स्वस्त संडास तयार केले, गोबर गॅसचे प्रयोग केले. १९७१ मध्ये ते गेले. देव अन्यायावर का बोलत नाही, याची चर्चा करण्यापेक्षा ज्या कामामुळे माणूस अस्पृश्य ठरतो ते काम त्यांनी स्वतः हातात घेतलं. कोकणातल्याच पालगडचे साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी दार उघडायचं ठरलं. चोखोबाच्या प्रश्नाला सहा शतकांनी उत्तर मिळालं, आणि ते माणसांच्या हातून मिळालं.

गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर

मालवणी गाऱ्हाण्यात मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं नाव नेहमी येतं. लेकराला परमुलखात सांभाळ, हे मागणं घराघरातलं. लालबाग-परळच्या एकेका खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपत, आणि भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. नेते डॉ. दत्ता सामंत हे मालवणजवळच्या देवबागचे. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आणि बहुतेकांना काम परत मिळालं नाही.

त्या दोन-तीन वर्षांत हजारो माणसं गावी परतली. बायकांनी मंगळसूत्रं विकली, मुलांच्या शाळा सुटल्या, मुंबईतल्या खोल्या गेल्या. हा अन्याय कोणी केला, त्याचं नाव कोणाला सांगता येत नव्हतं. देवळात गाऱ्हाणी घातली गेली. गिरण्या काही उघडल्या नाहीत. पण परत आलेल्याला घरात घ्यायचं, त्याच्या वाट्याची जमीन त्याला कसू द्यायची, त्याच्या पोरीच्या लग्नाला भाऊबंदांनी उभं राहायचं, हे जिथे घडलं तिथे त्या ‘व्हय’ला अर्थ आला. जिथे घडलं नाही तिथे ते नुसतं तोंडचं राहिलं. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. तोवर संपातले कितीतरी जण हयात नव्हते.

रंगमंचावर

संपाच्या दोनच वर्षं आधी, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली महाराष्ट्रभर नेली. या नाटकाचे हजारो प्रयोग झाले. त्यातून गाऱ्हाणं घाटावरच्या माणसालाही पाठ झालं. मुंबईत ज्या बोलीची लाज वाटायची तिला मान मिळाला, ही त्या नाटकाची मोठी देणगी. मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले. त्यांच्याच ‘भद्रकाली’ या नाट्यसंस्थेने २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आणलं. तुकोबांची आवली विठ्ठलावर संतापलेली आहे, आणि तिची सेवा करायला साक्षात रखुमाई तिच्या घरी येते. म्हणजे ज्या घराण्याने गाऱ्हाण्याला हसत रंगमंचावर आणलं, त्यानेच गाऱ्हाण्याचं दुःखही रंगमंचावर आणलं. देवावर चिडलेल्या बाईची सेवा करायला देवाघरचंच माणूस खाली वाकतं. देवाच्या मौनाविषयी अलीकडच्या मराठीत याहून सुंदर बोललेलं मी ऐकलेलं नाही.

मात्र प्रसिद्धीची एक किंमतही आहे. आता सभा-समारंभांत, निवडणुकीच्या प्रचारात गाऱ्हाणं घालतात. अमक्याचा विजय होऊ दे, तमक्याचं मताधिक्य वाढू दे. त्यातून दुःख गेलं, चूक कबूल करणं गेलं, उरली ती नुसती मागणी. आपलं चुकलं असेल तर पदरात घे, हे वाक्य ज्या गाऱ्हाण्यात नाही, त्याला पूर्वजांनी गाऱ्हाणं म्हटलं नसतं.

दर्यापुढे

नारळी पौर्णिमेला मालवणच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ दिला जातो. समोर १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला सिंधुदुर्ग उभा असतो. गाबीत आणि इतर मच्छीमार दर्याला सांगतात, आता शांत हो, आमची माणसं सुखरूप परत आण. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आलं. १६ मे २०२१ रोजी तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा माणसं गेली, होड्या गेल्या. त्या माणसांच्या घरीही नारळ वाहिलेला होता.

वादळाचं गाऱ्हाणं देवापाशी. पण मासा कमी होण्यामागे माणसाचा हात आहे, हे किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांना कळत होतं. यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळ येऊन सगळं ओरबाडून नेत होत्या. तंटे झाले, मोर्चे निघाले. १९८१ मध्ये राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, आणि २०१७ मध्ये एलईडीच्या प्रकाशझोतात मासे पकडण्यावर बंदी आली. अंमलबजावणीचं भांडण अजून चालू आहे. सकाळी दर्याला नारळ देणारा आणि दुपारी तहसील कचेरीवर मोर्चा नेणारा माणूस एकच असतो, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. एका ठिकाणी तो जे आपल्या हातात नाही ते सांगतो, दुसऱ्या ठिकाणी जे आहे ते मागतो. या दोहोंतला फरक ओळखणं, ही या मुलखाच्या श्रद्धेची परिपक्वता आहे.

निवाडा

एवढा मागोवा घेतल्यावर माझं मत असं झालं आहे. गाऱ्हाण्याने देवाचं मौन कधीच फोडलं नाही. त्याने माणसाचं मौन फोडलं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला एकट्याने कुढू दिलं नाही, त्याचं दुःख चारचौघांत मोठ्याने बोलायला लावलं आणि ऐकणाऱ्यांकडून ‘व्हय’ घेतलं. जिथे काही आवाज बाहेर ठेवले गेले तिथे ते कोतं झालं, आणि जिथे अप्पासाहेबांसारख्यांनी त्या ‘व्हय’चं काम केलं तिथे ते खरं ठरलं. देव का बोलत नाही, हे मला माहीत नाही आणि कोणाला माहीत आहे असं वाटत नाही. मी तरी त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास मला हात जोडून गप्प बसायला सांगत नाही.

म्हणून गावच्या मानकऱ्यांना आणि गावाबाहेर राहणाऱ्या माझ्यासारख्यांनाही एक विनंती आहे. यंदाच्या जत्रेला गाऱ्हाणं घालाल तेव्हा यादी पुरी करा. जिचा वाटा अडकला आहे ती विधवा, दर्यातून न परतलेला खलाशी आणि त्याचं घर, बागेत राबणारा परप्रांतीय गडी, ज्यांना तुमच्या आजोबांनी दाराबाहेर उभं केलं त्यांची नातवंडं, सगळ्यांची नावं घ्या. शक्य असेल तर त्यांनाच पुढे उभं करून बोलू द्या. आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल तेव्हा समजून म्हणा: हा शब्द देवाला दिलेला आहे, आणि तो पाळायचं काम आपलं आहे.